पाण्यात उशिरा पडलेले तुकडे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकले त्या सरांना तर नाहीच. सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं स्वतःला समजावत आले — आणि बघता बघता चोवीस वर्षं निघून गेली. स्वतःची समजूत काढायला माणूस किती हुशार असतो, नाही का?

मी सोलापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात धातुशास्त्र शिकवते. सध्या विभागप्रमुख आहे. मुलं मला घाबरतात, आणि खरं सांगू का, ते मला आवडतं. प्रयोगाच्या वहीत कुणी मित्राचे आकडे उतरवले असतील तर मला वासावरून कळतं. वही त्याच्यापुढे टाकते आणि विचारते, "हे तू स्वतः केलंस का?" पोरगं मान खाली घालतं. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, मीच आधी नजर वळवते. मुलाला वाटतं मॅडमनी रागानं तोंड फिरवलं. रागानं नाही रे बाबा.

पण थांबा. चूक सांगायच्या आधी मला एका माणसाबद्दल सांगू द्या. मी जी काही आहे ती त्या माणसामुळे आहे, हे शोभेचं वाक्य नाही. निरोप समारंभात म्हणतात तसं तर मुळीच नाही — तसं तर मी त्यांच्या निरोप समारंभात म्हटलंच होतं. ते पुढे येईल.

त्यांचं नाव सिद्रामप्पा. सगळं कॉलेज त्यांना आप्पा म्हणायचं. आमच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. गाव अक्कलकोटच्या बाजूला. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि चिडले की दोन्ही एकदम. कॉलेजात लागण्याआधी ट्रकचे कमानपाटे बनवणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर होते. शिक्षण सातवी. पण भट्टीचं दार किलकिलं करून आतला रंग बघायचे आणि म्हणायचे, "काटा जास्त दाखवतोय ताई, आजून धा कमी हाय." आम्ही दुसरं तापमापक आणून बघायचो — दहा कमी असायचं. प्रत्येक वेळी. पहिल्यांदा मला वाटलं योगायोग, दुसऱ्यांदाही तेच वाटलं, तिसऱ्यांदा मात्र मी गुपचूप वही काढली आणि ते बोलतील ते लिहून घ्यायला लागले.

मी तेव्हा एम.ई. करत होते. वैरागहून आलेली, मास्तरांची मुलगी, पुस्तकातलं सगळं पाठ आणि हातात कधी सांडशी धरलेली नाही. सरांनी मला विषय दिला तो दुहेरी रचनेच्या पोलादाचा. घाबरू नका, समजायला सोपं आहे. कमी कार्बनचं साधं पोलाद घ्यायचं. ते एवढंच तापवायचं की आतली थोडी रचना बदलेल आणि बाकीची तशीच राहील. मग तत्काळ मिठाच्या पाण्यात बुडवायचं. जो भाग बदललेला असतो तो गार होताना एकदम कडक होतो — त्याला मार्टेन्साइट म्हणतात. उरलेला फेराइट, तो मऊच राहतो. मायक्रोस्कोपखाली पाहिलं की पांढऱ्या जमिनीत काळी बेटं दिसतात. वर्गात मी मुलांना सांगते, मऊ भातात हरभऱ्याची डाळ कच्ची राहिली तर घरी आईला बोलणी बसतात. इथं ती कच्ची राहावी म्हणून आपण जिवाचं रान करतो. मऊ भागामुळे पोलाद ताण देऊनही चटकन तुटत नाही, आणि कडक बेटांमुळे भार पेलतं. मोटारीचे पत्रे अशा पोलादाचे करतात.

सगळी गोम आहे ती भट्टी आणि पाणी यांच्या मधल्या वेळात. तुकडा दोन-तीन सेकंदांत पाण्यात गेला तर बेटं होतात. तो हवेत रेंगाळला तर जे कडक व्हायचं ते परत मऊ व्हायला लागतं — म्हणजे सगळं मुसळ केरात. पुस्तकात याला अर्धी ओळ आहे. आप्पांनी त्या अर्ध्या ओळीसाठी माझ्याकडून तीन आठवडे घासून घेतलं.

त्यांची पद्धतच निराळी. मला आधी भट्टी पेटवूच दिली नाही. "आदी गार तुकडं काडा. गरम नंतर." बंद भट्टी, गार तुकडा, हातात सांडशी. दार उघडायचं, तुकडा मधोमध धरायचा, वळायचं, टबात सोडायचा. शेजारी उभं राहून आप्पा कन्नडमधून मोजायचे — वंदू, यरडू, मूरू. एक, दोन, तीन. 'मूरू' म्हणायच्या आत पाण्याचा आवाज आला पाहिजे. आला नाही की पुन्हा. टब त्यांनी स्वतः ओढून भट्टीपासून एका पावलावर आणला, खाली विटा लावून माझ्या उंचीला उंच केला. तुमच्या-माझ्या घरात कुणी एवढं आपल्या उंचीचं बघतं का? दिवसातून शंभर वेळा मी गार लोखंड गार पाण्यात टाकत होते आणि वर्गमैत्रिणी दारातून बघून हसत होत्या. मीही मनातून वैतागले होते. एक दिवस तर म्हटलं, "आप्पा, मी काय सर्कशीत जाणार आहे का?" ते म्हणाले, "हाताला घाई बी नको आन् उशीर बी नको. ह्ये पुस्तकात न्हाय घावत, की."

आणखी एक रीत होती त्यांची. खऱ्या, तापलेल्या तुकड्यांच्या वेळी मूरूच्या पुढे गेलेला तुकडा ते पाण्यातून काढून त्याच्या डोक्यावर टोकदार पोलादी पंचानं एक ठिपका मारायचे आणि वेगळ्या डब्यात टाकायचे. चुकूनही तो चांगल्यात मिसळू नये म्हणून. कुणाची चूक, काय चूक, काही बोलायचे नाहीत. ठिपका, डबा, पुढचा तुकडा. त्यांच्या स्वतःच्या हातचा तुकडा त्या डब्यात पडलेला मी कधी पाहिला नाही.

हे नीट ऐकून ठेवा. मी पाहिला नाही, आणि तसा तो कधी पडलाही नाही.

माझे प्रयोग तीन तापमानांवर होते. पहिल्या दोन वेळा आप्पा बाजूला होते. पहिले तुकडे त्यांनी काढले, दुसरे निम्मे त्यांनी, निम्मे मी. निकाल इतके सुंदर आले की सर टेबलावर हात आपटून हसले. तापमान वाढवलं तशी बेटं वाढली, बेटं वाढली तशी ताकद. आलेख कसा छान चढत चालला होता! आता फक्त तिसरं, सगळ्यात वरचं तापमान राहिलं होतं. आणि प्रबंध द्यायला फार दिवस नव्हते. त्याच कॉलेजात व्याख्यात्याची जागा निघाली होती, मुलाखत तोंडी परीक्षेनंतर लगेच. ती नोकरी मला हवी होती. किती हवी होती ते आज सांगताना लाज वाटते, पण हवी होती. वैरागला परत जायचं म्हणजे काय, हे मला चांगलं ठाऊक होतं — आलेल्या पहिल्या स्थळापुढे चहा घेऊन जायचं.

आप्पा चार दिवस रजेवर गेले. जाताना म्हणाले, "मी आल्यावर काडू. भट्टीला हात लावू नका." मी मान डोलावली. आणि दुसऱ्याच दिवशी भट्टी पेटवली.

का? मला येत होतं म्हणून. गार तुकडे दिवसाला शंभर वेळा टाकले होते ना! पण आजवर तापलेले तुकडे काढले ते त्यांच्या मोजणीवर. त्या दिवशी मोजायला कुणी नव्हतं. दार उघडलं, झळ तोंडावर आली, आणि मी मागे सरले. पहिला तुकडा सांडशीतून निसटून फरशीवर पडला. तो लाल होता, मग लाल राहिला नाही, आणि मी त्याला पकडायच्या नादात दोनदा हुकले. शेवटी पाण्यात टाकला. दुसराही रेंगाळला. तिसऱ्याच्या वेळी सांडशीची पकडच बसेना. पाचही तुकडे मूरूच्या कितीतरी पुढे गेले. पंच तिथंच टेबलावर होता. ठिपके मारायला हवे होते. मी तुकडे फडक्यानं पुसले आणि चांगल्यांच्या डब्यात ठेवले.

ताण देऊन पाहिले — ताकद खाली आली. चढत चाललेला आलेख शेवटच्या पायरीवर घसरला. आता इथं पुस्तकी हुशारी कामाला आली. तापमान वाढलं की बदललेल्या भागात कार्बन विरळ होतो, मग मार्टेन्साइट थोडं नरम पडतं — हे शास्त्र खरं आहे, मी ते प्रबंधात मोठ्या ऐटीत दीड पान लिहिलं. खोटं बोलायला खऱ्या शास्त्रासारखा आधार नाही. सरांनी वाचलं आणि म्हणाले, वा.

आप्पा रजेवरून आले. मी नसताना त्यांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला असावा. मी आत गेले तेव्हा ते अजून वाकलेलेच होते. मान वर न करता म्हणाले, "ताई, ह्ये मूरूच्या लई पुडचं हाय." मग एकदम हळू आवाजात, "तुकडा पडला व्हता का?" मी टेबलावरचे आलेख गोळा करायला लागले. ते कपाटाकडे गेले आणि जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली हातभर सळई काढली. त्याच पोलादाची. माझ्यासाठी त्यांनी बाजूला ठेवली होती — कधी, कुणास ठाऊक. "परत करू. आठ दिसांचं काम हाय. मी सायबास्नी सांगतो."

म्हणजे मला रस्ता होता. हे मी मुद्दाम लिहिते आहे. मला रस्ता होता, तो माझ्या हातात कागदात गुंडाळून दिला होता, आणि मी म्हटलं, "असू द्या आप्पा. प्रबंध टाइपिंगला गेलाय."

आता तोंडी परीक्षा. पुण्याहून परीक्षक आले होते, वयस्कर, मृदू बोलणारे. तासभर सगळं छान चाललं. मग त्यांनी शेवटचा फोटो जवळ ओढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कार्बन विरळ होतो म्हणून ताकद कमी, हे मान्य. पण मग हे पर्लाइट कुठून आलं?" बेटांच्या कडांना बारीक पट्टे पट्टे दिसत होते — पोलाद हळू गार झालं की होतं ते, पर्लाइट. मी ते पाहिलेच नव्हते — की पाहिले होते? ते म्हणाले, "हे तुकडे पाण्यात उशिरा गेलेत. भट्टीतून कुणी काढले?"

दार उघडं होतं. आप्पा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभे होते.

मी म्हटलं, "अटेंडंटनं, सर."

झालं. एवढंच. दोन शब्द. 'आप्पांनी' सुद्धा म्हणवलं नाही माझ्यानं. नाव घेतलं असतं तर जीभ अडली असती, म्हणून हुद्दा घेतला.

परीक्षकांनी वळून दाराकडे पाहिलं. सरांनी पाहिलं. मी मात्र टेबलावरच्या फोटोकडे बघत राहिले. आप्पा आत आले, ट्रे ठेवला आणि म्हणाले, "व्हय साहेब. माज्याच हातून उशीर झाला." आवाजात काही नव्हतं. कप प्रत्येकापुढे ठेवले, माझ्याही पुढे ठेवला, आणि निघून गेले.

तो चहा मी प्यायले.

परीक्षकांनी प्रबंधात एक तळटीप घालायला सांगितली आणि मला पास केलं. ते तुकडे काढले त्या दिवशी आप्पा रजेवर होते हे कळायला कुणी हजेरीचं मस्टर उघडायचा अवकाश होता. ते दोन खोल्यांपलीकडे होतं. कुणी उघडलं नाही. अटेंडंटची चूक शोधायला मस्टर कशाला लागतं?

पुढच्या आठवड्यात मला नोकरी मिळाली आणि आप्पांना मेमो. त्यांना भट्टीवरून काढून तळमजल्यावर ड्रॉइंग हॉलमध्ये टाकलं. मुलांना ड्रॉइंगचे बोर्ड मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. ज्या माणसाला नजरेनं तापमान कळायचं त्यानं पुढची सगळी वर्षं लाकडी फळ्या मोजल्या. पगार तोच होता, काम हलकं होतं — मी किती वेळा हे स्वतःला ऐकवलं असेल! त्यात त्यांचं काय गेलं, असं विचारणारी मी एकटीच होते, आणि उत्तर ठाऊक असणारीही मीच.

आता तुम्ही म्हणाल, आप्पांनी माझ्याशी बोलणं टाकलं असेल. टाकलं असतं तर बरं झालं असतं. मी रुजू झाले त्या दिवशी ते जिना चढून वर आले, मला नव्या खोलीत खुर्चीवर बसलेलं पाहिलं आणि 'ताई' सोडून 'मॅडम' म्हणाले. तेवढाच फरक. बाकी सगळं तसंच. मला वर्गात भट्टी शिकवायची होती आणि हात तर अजून कच्चा होता. जेवणाच्या सुट्टीत मी ड्रॉइंग हॉलच्या खिडकीशी जायची, ते बोर्डांच्या थप्पीवर बसलेले असायचे, आणि खिडकीच्या गजांतून आमचा वर्ग भरायचा. मुलांचे तुकडे तडकतात, काय करू? — पाण्यात मीठ लई झालं. पॉलिशवर रेघा राहतात? — प्रत्येक पॉलिश-कागदाला तुकडा आडवा फिरवा, आदली रेघ पुसल्याबिगर पुडं जायाचं न्हाय. हिवाळ्यात ज्वारीचा हुरडा आणायचे, तोही गजांतूनच. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं आज कुठं कुठं मोठ्या कारखान्यांत आहेत, आणि त्यातली बरीचशी तुकडा पाण्यात टाकताना मनातल्या मनात मोजतात. वंदू, यरडू. ती सोलापूरची, लातूरची, बीडची मुलं कन्नड का मोजतात ते त्यांनाही ठाऊक नाही. मी शिकवलं म्हणून. मला कुणी शिकवलं ते मी वर्गात कधी सांगितलं नाही.

मला त्यांच्याबद्दल जी कृतज्ञता वाटते ती इतकी मोठी आहे की कधीकधी तिच्या आड ही गोष्ट लपते. म्हणजे मी लपवते. मनातून हात जोडत राहिलं की काही सांगावं लागत नाही. सोपं पडतं.

बरं, भीतीपोटी तोंडातून दोन शब्द गेले, तेवीस-चोवीसची पोर होते — तुम्ही मला इथपर्यंत सांभाळून घेतलं असतं. मीसुद्धा घेतलं होतं. पण खरी गोष्ट ती नाहीच. इतका वेळ मी तिच्याभोवती फिरतेय.

मी विभागप्रमुख झाले. फाइलींचं कपाट माझ्या ताब्यात आलं. त्यात तो मेमो होता, आणि मागे जोडलेला आप्पांचा खुलासा. त्यांच्या मोठ्या, पाटीवर गिरवल्यासारख्या अक्षरात एकच ओळ: माझ्या हातून उशीर झाला, पुन्हा होणार नाही. मी ती वाचली. फाइल परत जागेवर ठेवली. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने राहिले होते.

त्याच आठवड्यात ते माझ्या खोलीत आले. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. टोपी हातात धरून म्हणाले, "मॅडम, जायच्या आदी एकदा भट्टी उगडू का? पोरास्नी दावतो. एकच तुकडा."

एकच तुकडा. मी काय करायला हवं होतं? एक कागद लिहायचा होता — मेमो रद्द. प्राचार्यांनी विचारलं असतं, का रद्द? आणि मला सांगावं लागलं असतं. किंवा न सांगताही उघडून देता आली असती भट्टी, कोण बघत होतं? पण वीस-पंचवीस मुलं दारात उभी राहून त्यांचा हात बघतील, वंदू म्हणायच्या आत तुकडा पाण्यात पडेल, आणि माझ्याच विभागातला कुणीतरी विचारेल, मॅडम, ह्यांना भट्टीवरून काढलं होतं ते कशाला? — ह्याची मला भीती वाटली. त्यांचा हात चांगला होता, ह्याची भीती!

मी म्हटलं, "बघू, आप्पा."

ते "बरं" म्हणाले आणि गेले. पुन्हा विचारलं नाही. दोन महिन्यांनी निरोप समारंभ झाला. मी शाल पांघरली, नारळ दिला, भाषण केलं. लोक म्हणाले मॅडम किती मनापासून बोलल्या. मनापासूनच बोलले. तेवढी एक गोष्ट सोडून सगळं बोलले.

इथं संपलं असतं तरी चाललं असतं. पण गेल्या महिन्यात परीक्षेच्या कामासाठी अक्कलकोटला गेले होते. परतताना गाडी त्यांच्या गावाकडे वळवली. सांगायचंच, असं ठरवून. रस्ताभर वाक्यं जुळवत होते.

आप्पा अंगणात शेंगा फोडत बसले होते. केस पिकलेत, नजर तीच. त्यांची बायको काशीबाई, त्यांना मी निरोप समारंभात एकदाच पाहिलं होतं. त्यांनी मला हाताला धरून आत नेलं, घोंगडी अंथरली, आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच बोलायला लागल्या. "मॅडम, तुमचं नाव आमच्या घरात देवासारकं घेतो बगा. ह्यांच्या हातून तुमचं येवडं काम नासलं, तरी तुमी ह्यांची नोकरी जाऊ दिली न्हाय. फकस्त खाली बसवलं. दुसरी कुनी असती तर ह्यास्नी घरीच धाडलं असतं. मी दर दिवाळीला चटनी धाडते ती त्यापायीच."

दर दिवाळीला. शेंगाची चटणी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर सुतळी. आधी आप्पा स्वतः आणून द्यायचे, निवृत्तीनंतर एसटीनं येते. मला वाटायचं आप्पांची माया. आम्ही भाकरीबरोबर, दह्याबरोबर खायचो, पोरं तर नुसतीच. आणि इकडे ही बाई दर वर्षी शेंगा भाजून, कुटून माझे आभार मानत होती — नवऱ्याच्या न झालेल्या चुकीबद्दल मी त्याला माफ केलं म्हणून.

त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. कळतंय का तुम्हाला? कॉलेजात माझी लाज राखली ते एक वेळ समजू शकते. पण स्वतःच्या बायकोपुढे, स्वतःच्या चुलीपुढे त्यांनी आपल्या हाताला बट्टा लावून घेतला आणि तो तसाच राहू दिला. घरातून एक शब्द बाहेर गेला असता तर माझी नोकरी गेली असती, म्हणून. त्यांनी तो जाऊ दिला नाही.

मी आप्पांकडे पाहिलं. ते दारातून आमच्याकडेच बघत होते. आता बोलायचं होतं. वाक्य तयार होतं. ते म्हणाले, "काशे, मॅडमना चा ठेव की. लांबनं आल्यात."

त्यांनी मला पुन्हा एकदा वाचवलं. आणि मी पुन्हा एकदा वाचले. चहा घेतला. काशीबाईंनी चटणीची पिशवी हातात ठेवली, ती घेतली. "कशाला उगाच," असंही म्हटलं, लोक म्हणतात तसं. आणि सोलापूरला निघून आले.

आप्पांची नात बारावीला आहे. काशीबाईंना वाचता येत नाही, पण पेपरमधलं काहीबाही ती त्यांना संध्याकाळी वाचून दाखवते, असं त्यांनीच मला सांगितलं. हे लिहून झालं की त्याची एक प्रत मी तिच्या नावानं पाठवणार आहे. आप्पांच्या नावानं पाठवली तर ते ती वाचतील, घडी घालून ठेवून देतील आणि बायकोला चहा ठेवायला सांगतील.

काशीबाई, ते तुकडे मी काढले होते. आप्पा त्या दिवशी कॉलेजात नव्हतेच.